हरण्याची ऐपत

६ डिसेंबर २०२०. नागपुरात या तारखेला पावलं दीक्षाभूमीकडे वळतात. त्या वर्षी करोनामुळे गर्दीला आवर होता. गाड्यांच्या शर्यतीकडे इथे कोणाचं लक्ष असायचं कारण नव्हतं. त्याच दिवशी बहरीनमधल्या साखीरच्या ट्रॅकवर मुंबईचा बावीस वर्षांचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. फॉर्म्युला वनच्या लगेच खालची ही पायरी. फॉर्म्युला टूमध्ये जिंकणारा तो पहिला भारतीय. हंगामातली ती चोविसावी आणि शेवटची शर्यत होती. म्हणजे आधीच्या तेवीस शर्यतींत दुसरंच कोणी तरी जिंकलं होतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘पहिला विजय’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोक्यात त्या तेवीस शर्यतीच घोळायला लागल्या. हरलेल्या शर्यतीला खर्च काही कमी येत नाही. टायर तेवढेच झिजतात, मेकॅनिकचा पगार तेवढाच, विमानाचं तिकीट तेवढंच. हा हरण्याचा खर्च कोण सोसतं, आणि नागपूरच्या एखाद्या पोराने तो सोसायचा म्हटलं तर सुरुवात कुठून होते, ते बघावं म्हणून मी फिरायला लागलो.

थंड टायर, जड स्टिअरिंग

आधी ती शर्यत. फॉर्म्युला टूमध्ये तेव्हा आठवड्याच्या शेवटी दोन शर्यती होत. शनिवारची मोठी, रविवारची छोटी. शनिवारी जे पहिले आठ येत त्यांचा क्रम रविवारी उलटा लावायचा: आठवा पहिल्या जागेवरून सुटणार, पहिला आठव्या. त्यामुळे रविवारच्या विजयाकडे ‘उलट्या रांगेचा विजय’ म्हणून नाक मुरडणारे बरेच असतात. मला ते पटत नाही. इथे सगळ्यांच्या गाड्या सारख्याच: दल्लाराची चासी, मेकाक्रोमचं टर्बो इंजिन, पिरेलीचे टायर. ताकद सहाशे हॉर्सपॉवरच्या वर. गाडी सरस होती म्हणून जिंकलो, असं म्हणायची सोयच नाही.

दोन गोष्टी टीव्हीवर दिसत नाहीत. एक म्हणजे या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. आपल्या साध्या हॅचबॅकला असतं, हिला नाही. वेग वाढला की पंखांवरच्या हवेचा दाब गाडीला जमिनीत रेटतो आणि चाक वळवायला दंड, खांदे, मान सगळं पणाला लावावं लागतं. दुसरी गोष्ट टायरची. फॉर्म्युला वनमध्ये सुटण्यापूर्वी टायर विजेच्या गोधडीत गुंडाळून गरम ठेवतात. फॉर्म्युला टूमध्ये ती गोधडी मिळत नाही. टायर थंड असतात, रबर घट्ट असतं, पकड जवळपास नसतेच. सुटण्याआधीच्या एका फेरीत गाडी नागमोडी हाकून, ब्रेक दाबून-सोडून जे काही ऊब देता येईल ती द्यायची आणि पहिल्या वळणात वीसेक गाड्यांबरोबर घुसायचं.

साखीरचा त्या आठवड्याचा ट्रॅकही नेहमीचा नव्हता. आतला वळणावळणांचा भाग गाळून बाहेरची कडा तेवढी वापरली होती. लांबी ३.५४३ किलोमीटर. फॉर्म्युला वनच्या गाड्या पात्रता फेरीत तो चोपन्न सेकंदांच्या आत संपवत होत्या. लांब सरळ पट्टे, मधे थोडी वळणं. अशा ट्रॅकवर पुढे असणं ही चैन नसते, शिक्षाच असते. तुम्ही हवा फोडत जाता आणि मागचा तुमच्या पाठीमागच्या पोकळीत आयता ओढला जातो.

जेहान दुसऱ्या जागेवरून सुटला. शेजारी, पहिल्या जागेवर इंग्लंडचा डॅन टिक्टम. मागून मिक शूमाखर आला, मायकेलचा मुलगा, ज्याला त्या दिवशी हंगामाचं अजिंक्यपद खुणावत होतं. सुरुवातीच्या झटापटीत तिघेही एकमेकांना खेटून होते आणि त्यात शूमाखरचे टायर लॉक झाले. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक जास्त बसला की चाक फिरायचं थांबतं, गाडी मात्र पुढे घसरत राहते. रबर एकाच जागी खरवडलं जातं आणि गोल टायरला सपाट चट्टा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला तो चट्टा जमिनीवर आपटतो. अडीचशेच्या वेगात त्याची इतकी थरथर होते की समोरचं धड दिसत नाही. आणि पुढच्या वेळी ब्रेक मारला की चाक बरोब्बर त्याच चट्ट्यावर पुन्हा अडकतं. चूक एकदाच होते, पण शर्यतभर पुरते.

जेहानने ती केली नाही. दोघांनाही मागे टाकून तो निघाला आणि शेवटी आपल्याच कार्लिन संघाच्या युकी त्सुनोदापेक्षा साडेतीन सेकंद आधी पोचला. टिक्टम तिसरा. शूमाखर अठरावा आला, तरी अजिंक्यपद त्यालाच मिळालं, कारण प्रतिस्पर्धी कॅलम आयलॉट दहावा आला होता. त्यामुळे जगभरचे मथळे शूमाखरच्या मुलाला गेले. जन गण मन वाजलं, ते आपल्याकडच्या क्रीडा पानांच्या मधल्या रकान्यात आलं.

एक गराज, पाच पाट्या

काही तासांनी त्याच ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तीही पहिल्या विजयाचीच ठरली. मेक्सिकोचा सर्जिओ पेरेझ १९० व्या शर्यतीत पहिल्यांदा जिंकला. पहिल्याच फेरीत धक्का लागून तो पार मागे पडला होता. मर्सिडीजने जॉर्ज रसेलच्या गाडीला टायर लावताना घोळ घातला, त्याचाही त्याला हातभार लागला. पुढच्या वर्षासाठी त्या रात्री त्याच्या हातात नोकरी नव्हती.

या दोन विजयांमध्ये एक धागा आहे, त्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. पेरेझच्या गाडीवर नाव होतं रेसिंग पॉइंट. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याच गराजवर पाटी होती फोर्स इंडिया, विजय मल्ल्यांचा संघ. कर्जात बुडाला, विकला गेला, पाटी बदलली. माणसं आणि सिल्व्हरस्टोनचा पत्ता तोच राहिला. मागे जायचं तर हाच संघ २००८ पूर्वी स्पायकर होता, त्याआधी मिडलँड आणि त्याआधी जॉर्डन. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, तो या जॉर्डनच्याच गाडीत. आणि २०११ मध्ये फोर्स इंडियाने देशभर कार्टिंग करणारी पोरं हुडकायची मोहीम काढली होती, शंभर कोटींतून एक शोधायची. तिच्यातून तिघं निवडले गेले: बंगळूरचा अर्जुन मैनी, चेन्नईचा तरुण रेड्डी आणि मुंबईचा तेरा वर्षांचा जेहान दारूवाला.

म्हणजे त्या गराजने उचललेलं पोर नऊ वर्षांनी जिंकलं, त्याच दिवशी ते गराजही जिंकलं. पण दोघांचा तोवर एकमेकांशी काही संबंध उरलेला नव्हता. जेहान रेड बुलच्या नव्या पोरांच्या चमूत होता.

या नऊ वर्षांत काय घडतं? मुंबईत रायोमंद बनाजींच्या रायो रेसिंगमध्ये धडे, मग इंग्लंड-युरोपात कार्टिंग, मग फॉर्म्युला रेनो, मग युरोपियन फॉर्म्युला थ्री. तिथे २०१७ मध्ये जर्मनीत न्युर्नबर्गच्या रस्त्यांवरच्या नोरिसरिंगला विजय. मग नव्या फॉर्म्युला थ्रीमध्ये २०१९ ला हंगामात तिसरा. प्रत्येक पायरीवर गाडी नवी, संघ नवा आणि पहिले काही महिने पुन्हा मागच्या रांगेत. फॉर्म्युला टूचा एक हंगाम वीस-पंचवीस कोटींचा मामला आहे, असं या धंद्यात सर्रास बोललं जातं. पायरी चढली की आकडाही चढतो. कंपन्या पैसे देतात, पण जिंकणाऱ्याला. जिंकण्याआधीची वर्षं घरच्यांच्या जिवावर निघतात.

आणि जिंकूनही हिशेब जुळतोच असं नाही. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला सुपर लायसन्स लागतं. तीन हंगामांत चाळीस गुण जमवायचे. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तीनला चाळीस-चाळीस मिळतात, मग झरझर उतरत दहाव्याला तीन. जेहान २०२० ला साखीर जिंकूनही हंगामात बारावा होता. गुणांच्या यादीत बारावा म्हणजे शून्य. त्या दिवशी त्याच्या मागे आलेला त्सुनोदा हंगामात तिसरा होता. दहा दिवसांत त्याचं फॉर्म्युला वनमधलं नाव जाहीर झालं. जेहान पुढची दोन्ही वर्षं सातवा आला. २०२२ मध्ये मोन्झाला मोठी शर्यत जिंकला, त्याच वर्षी मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी सिल्व्हरस्टोनला चालवून बघितली. मग विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये मासेरातीकडून एक हंगाम. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत काही त्याला उतरता आलं नाही.

टायरच्या भिंतींमध्ये

झिरो माइलच्या दगडापाशी उभं राहून हिशेब केला तर नागपूरची गंमत कळते. देशाच्या मधोमध असल्याचा आपल्याला कोण अभिमान! पण चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक इथून अकराशे किलोमीटरच्या आसपास, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हजाराच्या वर, कोइम्बतूरचा कारी त्याहून लांब. मधोमध आहोत म्हणून सगळंच सारखं लांब. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा फेटेल जिंकला, आणि कराच्या भांडणात ते दुकान बंद झालं.

नागपुरात जे आहे ते शहराबाहेर, भाड्याने कार्ट चालवायला देणारा छोटा ट्रॅक. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी तिथे जाऊन बसलो. जुन्या टायरांच्या भिंती, मधे डांबराचा वेटोळा रस्ता, जनरेटरला असतं तसलं चार-स्ट्रोक इंजिन लावलेल्या गाड्या. वाढदिवसाची पोरं आलेली, बाप मोबाइल धरून कुंपणाशी. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिचं बाकीच्यांसारखं नव्हतं. बाकी सगळे वळणात शिरल्यावर ब्रेक दाबत, मग स्टिअरिंग ओढत, मग मागचं चाक घसरलं की किंचाळत. ही आधीच ब्रेक मारून घेई, पाय काढी आणि मग वळे. सरळ पट्ट्यात ती कोणापेक्षाही वेगात नव्हती. चौथ्या फेरीला तिने दोघांना गाठलं होतं. वेळ संपली, झेंडा हलला, ती उतरली आणि हेल्मेट परत करून भेळ खायला गेली.

तिला पुढे काही शिकायचं झालं तर काय? भाड्याच्या कार्टमधून शर्यतीच्या कार्टमध्ये जायचं. त्या कार्टला गिअर नाहीत, स्प्रिंग नाहीत, शॉकअॅब्सॉर्बर नाही. बूड जमिनीपासून बोट-दोन बोटांवर. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवलेली, त्यामुळे वळताना दोन्ही एकाच वेगाने फिरू बघतात आणि कार्ट सरळच जायला मागते. ती वळवायची तर आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. ते अंगाच्या झोकाने आणि स्टिअरिंगच्या झटक्याने उचलायचं असतं. पुस्तकात वाचून ते येत नाही, शेकडो फेऱ्या माराव्या लागतात, आणि त्या मारायला ट्रॅक पाहिजे. इथला ट्रॅक अशा कार्टला तीन वळणांत संपेल.

वेगाची हौस मात्र शहरात रग्गड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला आणि ती हौस भागवायला पोरांना जागा मिळाली. ताशी १२० ची मर्यादा लिहिलेली आहे, पाळणारे पाळतात. टायर फुटून, डुलकी लागून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतोच. सरळ रस्त्यावर पाय दाबून ठेवायला कौशल्य लागत नाही. रेसिंगचा ड्रायव्हर दर वळणाला जे करतो, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत थांबून नेमका तेवढाच ब्रेक, ते समृद्धीवर शिकता येत नाही आणि कोणी शिकूही नये.

पटावरचा हिशेब

महाराष्ट्रात हे जमलं ते कोल्हापूरला. तिथे मोहित्यांची रेसिंग अकादमी आणि कार्टिंगचा ट्रॅक उभा राहिला, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे होऊ लागल्या. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. कोल्हापूरलाच का, याचं उत्तर मला तिथल्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्रींमध्ये दिसतं. इंजिनाचा ब्लॉक ओतणारी, लेथवर केसाएवढा फरक ओळखणारी माणसं ज्या गावात गल्लोगल्ली आहेत, तिथे कार्टचा दांडा वाकला तर दुपारपर्यंत सरळ होऊन येतो. मोडणं स्वस्त पडतं. पैसेवाले हौशी सगळीकडे असतात.

विदर्भात मोडणं आणि हरणं स्वस्त आहे ते एकाच शर्यतीत, शंकरपटात. कोणाला हा विषय सोडून भरकटणं वाटेल, वाटो. पिकं निघाली की गावोगाव पट भरतात. दोन चाकांची हलकी गाडी, बैलांची जोडी, वर हाकणारा, म्हणजे धुरकरी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्यांना माहीत आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. बैलांचे हाल हा त्यातला खरा आणि गंभीर मुद्दा आहे आणि शेपटी पिरगाळणारे, टोचणारे मी डोळ्यांनी बघितलेले आहेत.

पण धुरकऱ्याची घडण बघावी. या गावात हरला, तर आठ-पंधरा दिवसांत शेजारच्या तालुक्यात पट असतोच. जोडी टेम्पोत घालायची, जायचं. सेकंदाच्या कितव्या भागाने गेलं, सुटताना डावा का दबला, यावर पुढचा आठवडा पारावर खल होतो. बाप हाकत होता, चुलता हाकत होता, पोरगं दहाव्या वर्षापासून पटावर उभं असतं. जिंकायच्या आधी तो कितीदा हरलाय हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही, कारण ते मोजण्याइतकं महाग कधी नव्हतंच. युरोपात इटलीच्या गार्डा सरोवराच्या परिसरात कार्टिंगचे ट्रॅक आहेत. तिथली पोरं दर रविवारी हेच करतात. आपल्या जेहानला त्यासाठी युरोपात जावं लागलं.

हिंगण्याच्या बाजूला

नागपुरात शर्यतीची गाडी बनते, हे मात्र खरं आहे. हिंगणा, काटोल रोड, बजाजनगर, ज्या ज्या बाजूला इंजिनिअरिंग कॉलेज आहे तिथे वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात पाइपांचा सांगाडा उभा दिसतो. ही पोरं ‘बाहा’ची. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला देशभरच्या कॉलेजांची ही स्पर्धा २००७ पासून होते. एका माणसाची, खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी स्वतः बनवायची. पेट्रोलच्या गटात सगळ्यांना इंजिन सारखंच, दहा हॉर्सपॉवरचं, फेरफार करायची मनाई. फॉर्म्युला टूचं तत्त्व, साठावा हिस्सा ताकद.

अशा एका वर्कशॉपमध्ये एक पूर्ण दुपार काढली. बाहेर ऊन, आत पंखा नाही, कारण वेल्डिंगच्या वायूला वारा चालत नाही. टीममध्ये पंचविसेक पोरं-पोरी. त्यांची भाषा ऐकायला मजा येते: ‘टेक’ म्हणजे तपासणी, ‘रोल केज’ म्हणजे डोक्यावरचा पिंजरा, ‘एन्ड्युरन्स’ म्हणजे शेवटच्या दिवशीची चार तासांची शर्यत. मधे मधे ‘काहून बे, नॉच उलटी कापली ना’ असलं अस्सल नागपुरी. नॉच म्हणजे एक पाइप दुसऱ्याला नीट मिठी मारून बसावा म्हणून त्याच्या तोंडाला कापायची खाच. ग्राइंडर थोडा इकडेतिकडे झाला की फट राहते, फट वेल्डने भरली की जोड दिसतो मजबूत आणि तुटतो तिथेच. एक मुलगी तोंडावर काच ओढून तिसऱ्यांदा तीच खाच घासत होती. फेकलेल्या दोन तुकड्यांवर खडूने तारीख लिहून ते भिंतीला टांगून ठेवले होते.

ड्रायव्हर कोण, हे मी विचारलं. ते वजनावर ठरतं. दहा हॉर्सपॉवरमध्ये दहा किलो जास्त म्हणजे चढावर मेलो. त्यामुळे टीममधल्या सगळ्यात सडपातळ दोघांची निवड झाली होती. त्यातला एक वर्ध्याकडचा, घरी ट्रॅक्टर. त्याला चिखलात चाक कधी सुटतं ते बुडाला कळतं, असं बाकीच्यांचं म्हणणं पडलं. नियमाप्रमाणे पट्टे बांधलेल्या अवस्थेतून पाच सेकंदांत गाडीबाहेर यायचं असतं, आग लागली तर म्हणून. त्याचा सराव ते दिवसातून कितीदा तरी करत होते. पहिल्या वेळी पट्ट्याची कडी पँटच्या खिशात अडकली. खिसा शिवून टाकला.

गेल्या वर्षी यांची गाडी एन्ड्युरन्सच्या दुसऱ्या तासात बसली. पुढच्या चाकाचा जोड गेला. बाजूला ओढून नेली आणि उरलेला वेळ सगळ्यांनी दुसऱ्यांची गाडी बघत काढला. यंदा त्यांनी ठरवलंय की गाडी दिवाळीच्या आत उभी करायची आणि कोणाच्या तरी बुटीबोरीकडच्या वावरात नेऊन मुद्दाम मोडेपर्यंत चालवायची. मोडली की आणायची, जोडायची, पुन्हा न्यायची. त्यासाठी पुढच्या चाकांचे सुटे भाग दोन संच जास्त लागतील आणि त्याचे पैसे जमायचे आहेत. कॉलेज थोडे देतं, बाकी पोरं वर्गणी काढतात, एमआयडीसीतल्या कारखान्यांची दारं ठोठावतात. कारखानदार विचारतो, मागच्या वर्षी कितवे आलात? या प्रश्नाला यांच्याकडे अजून उत्तर नाही.

जुलैतली पहिली चाळणी पार झाली आहे. जानेवारीत पिथमपूर. ट्रकवाल्याने जाऊन-येऊन भाडं सांगितलंय, त्यात तीन दिवसांचं थांबणं धरलंय की नाही यावरून घासाघीस चालू आहे.